अवधूतने दाबलेली झाकणं

ईडन प्रेरी,
१६ फेब्रुवारी

चि. देवांग,

आशीर्वाद. आम्ही दोघं बरे आहोत. काकांचं बीपी ताब्यात आहे. तू वेळेवर जेवतोस असं धरून चालते. आता काम.

तू आणि अवधूतने घरी बनवलेली बिअर अजून इथेच आहे. मला ते प्रकरण कधी आवडलं नाही. "मावशी, हे तुमचंच मायक्रोबायॉलॉजी आहे," म्हणून तू मला त्यात ओढायचास. तर ऐक. तिच्यात गॅस धरलेला नाही. दाबून बघायला तुम्ही एक प्लॅस्टिकची बाटली भरली होतीत, ती मी रोज दाबते. एव्हाना दगडासारखी व्हायला हवी होती. मऊच आहे.

वाटलं, बेसमेंटच्या थंडीने यीस्ट निजलं असेल. अवधूत गेल्यावर काकांनी त्याच्या खोलीचं हीटिंग बंद केलं होतं. ते मी लावलं आणि बाटल्या वर तिथे नेल्या. दुसऱ्या दिवशी काका त्या दाराला हात लावून उभे. दार कोमट होतं.

"आत कोण आहे?"

"बाटल्या."

"बरं," म्हणाले, आणि तिथेच उभे राहिले. आता जाता-येता हात लावतात. मला आतून झाकण दाबल्याचा खटका ऐकू येतो, तोही भरदिवसा. जाऊन बघते. बाटल्या असतात.

परवा फ्रिज आवरताना लोणच्याच्या बरणीमागे पातेलं सापडलं. साखरेचं पाणी. बाटल्या भरण्याआधी बिअरमध्ये घालायचं म्हणून तुम्ही गार करत ठेवलंत आणि विसरलात. खायला साखरच नाही, तर यीस्ट गॅस कशाचा करणार? ऊब देऊन काही उपयोग नव्हता.

दुकानातला माणूस म्हणाला, सोपं आहे. प्रत्येक बाटली उघडा, साखरेची गोळी टाका, नवं झाकण बसवा. गोळ्या आणल्या, झाकणं आणली, ओपनर घेऊन बसले.

देवांग, ती झाकणं त्याने दाबलेली आहेत. तू बाटली धरत होतास, तो दाबत होता. माझ्याने एकही उघडलं नाही.

पोलिसांनी अपघाताच्या रिपोर्टमध्ये लिहिलं, रस्त्यावर बर्फ होता, चालवणाऱ्याचा दोष नाही. चालवत तू होतास. माफ केलं असं मी लिहिणार नाही. काही सकाळी ते खरं असतं, काही सकाळी नसतं. पण ती झाकणं तुझ्याखेरीज दुसऱ्या कुणी काढलेली मला चालणार नाहीत.

तुझ्या लॅबमधली अदिती भेटली होती. म्हणाली, तू तेव्हापासून स्टिअरिंगला हात लावलेला नाहीस. हा मूर्खपणा आहे. शनिवारी ये. उबर करू नकोस, कुणाला सोडायला सांगू नकोस. स्वतः ड्राइव्ह करत ये, उजेड असताना.

हळू चालव. तुझी गाडी आमच्या ड्राइव्हवेत वळेपर्यंत मी खिडकीतून हलणार नाही.

पद्मिनीमावशी