आबांची इंजिनं आणि माझा पोपटी रंग

सोमवार, ३ फेब्रुवारी
आबा तळेगावला गेले, राधावन्संकडे. मोतीबिंदू काढायचाय. दोन आठवडे घर माझं. ह्यांना पतसंस्थेनं दिलेली डायरी पडून होती, ती लिहायला घेतली. फुकटचं मी वाया घालवत नाही.

ठरलं. आबांची तिन्ही इंजिनं रंगवून नवी करायची. आबा रेल्वेत फिटर होते, तेव्हा भंगारातून ही वाफेची इंजिनं घरी बनवली. हातभर लांब एकेक. तांब्याचा बॉयलर, खाली स्पिरिटचा दिवा. मोठं अजून रुळावर पळतं. बाकी दोन शोभेची, आणि शोभा शून्य. काळीकुट्ट, मेणचट.

१६ला आबा येणार, बरोबर त्यांचे शेडमधले जोडीदार कचरूकाका. काका म्हणतात मोठं इंजिन आता पाच फेऱ्यासुद्धा मारणार नाही. आबा म्हणतात दहा मारेल. त्या दिवशी पैज.

मला पैजेशी देणंघेणं नाही. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, आबांनी माझ्या एकाही गोष्टीला छान म्हटलेलं नाही. पुरणपोळी वाढली, ठीक. पूर्वा जन्मली, ठीक. आता नव्या डोळ्यानं बघतील आणि छान म्हणतील. म्हणायलाच लागेल.

हे म्हणाले आबांच्या वस्तूंना हात लावू नकोस. लग्नापासून ह्यांचं एवढंच भाषण आहे.

चार दिवसांचं काम.

मंगळवार, ४ फेब्रुवारी
बोहरी आळीत रंग आणायला गेले. दुकानदार विचारतो, लाकडाला की लोखंडाला, प्रायमर हवा का, उष्णता सोसणारा हवा का. म्हटलं रंग हवाय, मुलाखत नको. तो म्हणाला आपण म्हणाल तसं, पण दिलेला माल परत घेत नाही. मी कशाला परत करतेय.

पोपटी घेतला. सोनेरी घेतला. धाकट्या इंजिनाला निळा. आमच्या जयभीमवाल्या घरात निळ्याला कोण नाव ठेवणार.

बुधवार, ५ फेब्रुवारी
आधी अंघोळ घातली तिघांना. तारेची घासणी आणि भांड्याचा साबण. काय ती घाण! प्रत्येक सांध्यात, प्रत्येक चाकात तेल. बोट घालीन तिथे तेल. आबांना दिसत नव्हतं म्हणून इतकी वर्षं साचलं बिचाऱ्यांचं. टोकदार काडीला कापूस गुंडाळून शेवटचा थेंब काढला. आता कोरडी ठणठणीत.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी, दुपारी ३
रंगवली! माझ्या मेसच्या डब्यांच्या दीडशे पोळ्या लाटून मग बसले, एका बैठकीत तिन्ही. चाकं सोनेरी, दांड्या सोनेरी, दांडी जिथं आत-बाहेर करते तिथंही सोनेरी, अर्धवट काम मला जमत नाही. सुटं केलं नाही काही. सुटं करून रंगवणं म्हणजे वेळकाढूपणा.

पूर्वा म्हणाली, आई, धिस इज गिव्हिंग टेम्पो, मागे ‘हॉर्न ओके प्लीज’ लिही. कौतुकच असणार.

शनिवार, ८ फेब्रुवारी
वाळली नाहीत. गच्चीत उन्हात ठेवली तर कबुतराचं पीस चिकटलं. ते ओढताना अंगठा उमटला, मग त्यावर अजून एक हात मारला. जाड रंग टिकतो.

रविवार, ९ फेब्रुवारी
आज डोकं चाललं माझं. गल्लीत कल्हईवाला आला आणि लख्ख आठवलं. बॉयलर तांब्याचा. त्यात पाणी तापतं. तांब्याच्या भांड्याला कल्हई नको? एवढे मोठे फिटर, आणि हे सुचलं नाही. मोठ्या इंजिनाचे चार स्क्रू काढले आणि बॉयलर घेऊन खाली पळाले.

कल्हईवाला म्हणाला, बाई, हा दोन्हीकडून बंद आहे, कल्हई लावू कुठून. मी म्हटलं तुझा धंदा आहे, तूच बघ. म्हणाला, सांधे कथलाच्या डागाचे आहेत, विस्तवावर धरलं तर डाग वितळतील. मी म्हटलं माझ्या सासऱ्यांच्या हातचं काम आहे, वितळायचं नाही. त्यानं भाता मारला.

वितळलं.

चार तुकडे झाले. पण मी म्हणते, आता आत हात जातो ना? मग लाव. त्यानं नवसागर टाकून, कापसानं पुसून, एकेक तुकडा असा चमकवला की त्यात मी टिकली सरळ केली. देव करतो ते बऱ्यासाठी, आणि देव नसला तरी बऱ्यासाठीच.

मंगळवार, ११ फेब्रुवारी
प्लंबर नळाला लावतो ती दोन रंगांची लांबी, म्हणजे पुट्टी, मळून चारही तुकडे जोडले. कणीक मळणाऱ्या हाताला हे शिकवावं लागत नाही. पाणी भरलं. गळालं. अजून लांबी. जरा कमी गळालं. अजून लांबी. आता बॉयलरला गळवं आल्यासारखं दिसतं, त्यावर पोपटी मारून परत बसवला की झालं.

गुरुवार, १३ फेब्रुवारी
चाकं फिरत नाहीत. रंगानं घट्ट बसली असतील. नव्या चपला पण आधी घट्टच असतात.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी
सांडशीनं फिरवली. कट् असा आवाज झाला आणि फिरली. मोकळी! एक दांडी मात्र हातात उरली. कुठे लावायची कळेना. म्हणजे इतकी वर्षं ती जास्तीचीच होती, उगाच वजन. कपाटावर ठेवली.

ह्यांनी इंजिन बघितलं आणि चालायला बाहेर गेले. हे कधी चालायला जात नाहीत.

शनिवार, १५ फेब्रुवारी
सगळं तयार. तिन्ही इंजिनं टेबलावर, वरून ओढणी. उद्या शिरा करणार. आबा छान म्हणाले की नम्रपणे ‘त्यात काय एवढं’ म्हणायचं. आरशासमोर दोनदा म्हणून बघितलं.

रविवार, १६ फेब्रुवारी, संध्याकाळी ७
आबा आले. काळा चष्मा काढून आधी माझ्याकडे बघत म्हणाले, तू म्हातारी झालीस गं. ऑपरेशन उत्तम झालंय.

ओढणी काढली.

आबा पुढे आले. जवळ वाकले. चाकाला नख लावलं. कचरूकाकांनीच विचारलं, दशरथा, ह्यातलं इंजिन कुठलं? मग मी मोठं रुळावर ठेवलं, पाणी भरलं, दिवा पेटवला. म्हटलं आता बघा.

आधी रंगाचा धूर झाला. मग वास. पूर्वानं खिडक्या उघडल्या. मग लांबी फुगली, फुस्स झालं, बॉयलरचे तुकडे सुटले, पाणी दिव्यावर सांडलं आणि दिवा विझला. फेऱ्या शून्य. कचरूकाका पैज जिंकले, पण हसले नाहीत बिचारे. शिरा खाली मान घालून खाल्ला.

आबांनी चिमट्यानं बॉयलरचा एक तुकडा उचलला, उजेडाकडे धरला, नव्या डोळ्यानं कितीतरी वेळ निरखला. मी ताठ उभी राहिले. आबा म्हणाले, “छान.”

मी ‘त्यात काय एवढं’ म्हणणार तोच ते पुढे म्हणाले, “छान कल्हई आहे. कोणी केली?”

कल्हईवाल्यानं, म्हटलं. पण त्याला गल्लीतून हाक मारली मीच.

आबांनी विचारलं, एक दांडी कमी आहे, कुठंय. कपाटावरून काढून दिली. ती त्यांनी सदऱ्याला पुसली, खिशात ठेवली, आणि पॉलिश पेपरचे सहा तुकडे फाडून माझ्यापुढे ठेवले. उद्यापासून रंग खरवडायचा. सुटं करून. आधी चाकं. ते शेजारी बसून सांगणार. चार दिवसांचं काम नाही म्हणाले, पावसाळा येईल.

एक गोष्ट कुणी नाकारू शकत नाही. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा ह्या घरात आबांच्या तोंडून छान निघालं, आणि तेव्हा मी समोर उभी होते.

जेवायला पिठलं केलं.

आबा म्हणाले, ठीक.