तारेवरच्या पताका

अमडापूर, मंगळवार, १४ डिसेंबर १९७१

किळस आली आहे, आणि ती स्वतःचीच. आज सभेत तासभर बोललो. पुढची युद्धं आकाशात होतील, शत्रूचे उपग्रह पाडणारी अस्त्रं आपल्याकडे हवीत, आपले संदेश कुणाला तोडता येऊ नयेत. टाळ्या थांबेनात. पुढच्याच रांगेत शिवराम इंगळे. त्याचा मुलगा सीमेवर आहे.

सभेनंतर पोस्टमास्तर आले. "भाऊ, पोस्टातला टेलिफोन सकाळपासून बंद हाय."

"घातपात?" खरोखर हेच विचारलं मी.

"कायचा घातपात? तुमच्या कार्यकर्त्यायनं पताका बांधासाठी तार खाली ओढली. तुटली."

शिवरामच्या मुलाची खबर चिखलीच्या पोस्टात दुपारीच आली होती. फोन मुका, म्हणून ती संध्याकाळच्या एसटीच्या कंडक्टरच्या हाती आली. जखमी आहे, जिवंत आहे. बाप सकाळपासून पोस्टाच्या पायरीवर बसून होता. शेवटी कंटाळून सभेला आला आणि माझ्याच भाषणाला टाळ्या वाजवत राहिला.

उपग्रह पाडणं जमेल का? जमेलही कधी. पण त्या तारेवर हिरव्या-पिवळ्या पताका... गावातला एक खांब राखता येत नाही आणि निघालो आकाश राखायला. कार्यकर्त्यांना झापलं, तर म्हणतात, "तुमच्यासाठीच तं सजवलं न भाऊ."

खरंच आहे. माझ्यासाठीच.

उद्या धामणगाव बढ्याला हेच भाषण आहे. आधी टेलिफोनचा खांब पाहीन. त्यावर पताका दिसल्या तर स्वतः चढून काढीन, मगच तोंड उघडीन.