कुंभारणीचं घर

रवि. २ मार्च १९९७, गोडादरा
परसातल्या पत्र्याच्या शेडमध्ये माझा गल्लीतल्या मुलींचा वर्ग आता बरा जमतो. कुदळ-फावडं, दादाची सायकल एका बाजूला सारून सतरंजी. वर वाशाला कुंभारीण माशीने मातीचं घर केलंय. मुली बिचकतात. सांगितलं, गांधीलमाशीच्याच जातीची, पण कुणाच्या वाटेला जात नाही.
आई म्हणे, "कुंभारीणनी घर करं म्हणजे पाळणा हालस." वहिनी खाली बघून हसल्या. लग्नाला सहावं वर्ष. मला चीड आली. या घरातली पहिली बी.एस्सी. मी, आणि माझ्यासमोरच हे.

मंगळ. ४ मार्च
सकाळी वहिनी शेडमध्ये. मला बघून बाहेर आल्या. खुरपं शोधत होते, म्हणाल्या. खुरपं तर दारातच होतं.

बुध. ५ मार्च
घर फोडलं. मुलींना धडा म्हणून. आत बधिर केलेले कोळी, एक पांढरी अळी. म्हटलं, ती आपल्या पिल्लाची शिदोरी भरून ठेवते, माणसांच्या पाळण्याशी तिचं काय? मोठ्याने म्हटलं. वहिनी गिलक्याच्या वेलाला पाणी घालत होत्या, त्यांना ऐकू जावं म्हणून.
मुली गेल्यावर पाहिलं, बोटांना कुंकू. त्या मातीला लावलेलं.

गुरु. ६ मार्च
आई बोलत नाही. दादा लूमच्या खात्यावरून आला, सगळं ऐकलं, म्हणाला, "कॉलेजमा हाईच शिकाडं का, म्याडम?" वहिनींनी मला रोजच्यासारखी गरम भाकरी वाढली. त्या भांडल्या असत्या तर

रवि. ९ मार्च
माफी मागितली. चुकून झालं, असं म्हणणार होते. त्या म्हणाल्या, "तुम्हांला माहीत होतं ना, ताई." हो. माहीत होतं म्हणूनच फोडलं.
मग हळूच म्हणाल्या, दिवस वर गेलेत. आईंना, ह्यांना सांगू नका. "आता काही होणार नाही ना?"
मी म्हटलं, माशीचा आणि याचा काडीचा संबंध नाही.
"मग तिनं घर केलं, त्याचाही नाही."
खोटं बोलावंसं वाटलं. बोलले नाही. तो खरेपणा होता की हट्ट, ठरत नाही.

गुरु. १३ मार्च
वहिनी अजून बाजूला बसल्या नाहीत. आईच्या ध्यानात आलंय. विचारत नाही, त्यांच्या ताटात तूप जास्त वाढते. मला बघितलं की तुपाचं भांडं झाकते. वर्ग ओसरीवर घेतला. शेडमध्ये जाववत नाही.

रवि. १६ मार्च
सकाळपासून वहिनींची कंबर दुखतेय. आईला त्यांनी सांगितलं, पाण्याची बादली उचलली. बादली तर मीच भरून आणली होती. कंबर दुखायला कारणं हजार, हे मी शिकलेय. तरी दुपारी सगळे निजल्यावर देव्हाऱ्यापुढे जाऊन उभी राहिले. काय मागायचं ते सुचेना. कोणत्या तोंडाने
उद्या नवागामच्या डॉक्टरीणबाईंकडे जायचं. दादाला सुट्टी नाही. मी म्हटलं, मी येते.
वहिनी पदर खोचत होत्या. म्हणाल्या, "या. पण आत मी एकटी जाईन."