अरुणचा ग्लोव्ह

शनिवार संध्याकाळ, बॉथेल, अमेरिका

अरुण होता तेव्हा दर रविवारी घरामागच्या डेकवर बसून तो त्याच्या चामडी ग्लोव्हला तेल लावायचा, मी भुईमुगाच्या शेंगा सोलायचे. इथल्या मराठी मंडळाच्या सॉफ्टबॉल टीममधून सुधाकरने त्याला काढलं, त्या रविवारीही अरुणने तेल लावलं. "हात गेला तुझा," म्हणाला होता सुधाकर, सगळ्यांसमोर. नंतर अरुण खेळलाच नाही.

आज माझ्याकडे टीव्हीवर बेसबॉलची मॅच बघताना त्याच सुधाकरला चेंडू फेकणाऱ्या, पण फॉर्म गेलेल्या एका पिचरचा पुळका. "आपल्या गावच्या टीमने घ्यावं त्याला. वाईट दिवस कुणाला येत नाहीत, वहिनी?"

"हात गेलाय त्याचा," मी म्हटलं.

तो मान खाली घालून शेंगा फोडू लागला. बरं वाटलं. वाटावं का? वाटलं.

जाताना अरुणची आठवण म्हणून ग्लोव्ह मागत होता.

माझ्यामागे ग्लोव्ह नातीला, ईशाला द्यावा, तेलाच्या बाटलीसकट. आजची शेंगांची टरफलं पुडीत बांधून ठेवली आहेत. ती सुधाकरला.