अप्पांच्या खिशातलं कार्ड

प्रिय अप्पा,

तुम्ही असताना जे सांगायला हवं होतं ते आज लिहिते आहे, कारण उद्या हेच आईला सांगायचं आहे. ही रंगीत तालीम. तुम्ही मध्येच टोकणार नाही, एवढी सोय झाली आहे.

तुम्ही निवृत्त झालात तेव्हा ऑफिसातून आरोग्य योजनेचा फॉर्म आला होता, आठवतो? एकदा नाव नोंदवलं की नवराबायको दोघांच्या उपचारांची जन्माची सोय. तुम्ही पेन, चष्मा, दोघांचे फोटो मांडून बसला होता. आणि मी, तुमची शहाणी लेक, म्हणाले, "अप्पा, त्या दवाखान्याच्या रांगेत कोण उभं राहणार? माझ्या कंपनीच्या विम्यात तुम्ही दोघं आहातच की."

"साकु बिडु," असं कानडीत म्हणत तुम्ही पेनाला टोपण लावलंत. पुरे झालं, विषय संपला.

दुसऱ्यांचे अर्ज तीनतीनदा तपासण्यात अख्खी नोकरी सरली तुमची. माझं एक वाक्य तेवढं तपासलं नाहीत. का हो?

कंपनीचं कार्ड लॅमिनेट करून तुम्ही शर्टाच्या खिशात ठेवायचात. कुवेंपुनगरच्या बागेत तुमचे निवृत्त दोस्त रांगांबद्दल कुरकुरायला लागले की ते बाहेर यायचं. "मुलीनं दिलंय," एवढंच म्हणायचात.

मग मी नोकरी बदलली. नव्या कंपनीच्या विम्यात आईवडील बसत नव्हते. तुमचं कार्ड बाद झालं. दसरा होऊ दे मग सांगू, असं म्हणत दोन दसरे गेले. एकदा रिक्षात तुम्हीच विचारलंत, "कार्ड चालू आहे ना ग?" मी रस्त्याकडे बघत "हो" म्हणाले. जगाच्या ढोंगावर लेख लिहून टाळ्या घेणारी मी, मला घरात एक खरं वाक्य जमलं नाही.

तुम्ही चहाचा कप हातात असतानाच गेलात. कार्ड दाखवायची वेळ आली नाही. लोक म्हणाले, पुण्यवान माणूस. रडता रडता माझ्या मनात आलं, चला, खोटं उघडं पडलं नाही. त्या विचाराची लाज अजून जात नाही.

आता आईच्या हृदयाची झडप बदलायची आहे. डॉक्टर म्हणतात, थांबू नका. तिला तुमच्या मागे निवृत्तिवेतन मिळतं, म्हणून तिच्या नावानं अजूनही नोंदणी होते. योजनेच्या ऑफिसात खिडकीवरच्या बाईंनी नीट समजावून सांगितलं. फॉर्म भरून तयार आहे. सही तेवढी हवी, आणि आई ती करत नाही.

"यांनी नको म्हटलं होतं. ते काय वेडे होते?"

"आई, तेव्हाची गोष्ट वेगळी होती."

"वेगळी कशी? तुझं कार्ड आहे की. ते दाखव जा."

ते कार्ड तिनं तुमच्या फोटोच्या चौकटीत खोचलं आहे. रोज एक फूल तुम्हाला, एक कार्डाला.

काल माझ्या जिभेवर आलं होतं, 'अप्पांचं चुकलं.' तेवढ्यानं कदाचित सही मिळाली असती. तुम्ही काही उलट बोलायला येणार नव्हता.

तसं करणार नाही, अप्पा. उद्या तिची पूजा आटोपली की चूक कुणाची ते सांगेन. बोलेल ते ऐकून घेईन, आणि मगच तिच्या हातात पेन देईन. त्या रांगेत मी उभी राहीन.

तुमची
सुमा