तीनशे साठ गाई आणि उन्हाच्या पट्ट्या

तीर्थस्वरूप वहिनींस,

धाकट्या दिराचा वाकून नमस्कार. (वाकून हे शिष्टाचारापुरतं लिहिलेलं नाही. माझी पाठ सध्या खरोखरच त्या कोनात अडकली आहे.) तुमचा खोकला थांबला का? दादाच्या शिंकेने अजून शेजारी दचकतात का? मी खुशाल आहे. जेवण जातं, झोप लागते, फक्त अंगाला कितीही साबण चोळला तरी बसमध्ये माझ्या शेजारची जागा रिकामीच राहते.

त्याचं कारण असं, की गेलं वर्षभर मी एक गोठा बांधत होतो. हसू नका. तीनशे साठ गाई, सहा यंत्रं, आणि धार काढायला माणूस एकही नाही! गाय आपल्या मर्जीने उठते, यंत्रापाशी जाते, यंत्र तिच्या गळ्यातला पट्टा ओळखतं, दूध काढून घेतं आणि तिला सोडून देतं. आता शाळा आणि दवाखाने बांधणाऱ्या माणसाला हे काम कोणी दिलं? तर मी बांधलेल्या बसस्थानकात गाईंच्या मालकीणबाईंना म्हणे धक्का न खाता बस मिळाली. (त्या दिवशी संप होता, हे मी त्यांना सांगितलं नाही.) मी महिनाभर खपून नकाशा काढला. पुढे कमान, आत रुंद मार्गिका, वळणावळणाने सहा यंत्रं. मालकीणबाईंनी तो दोन मिनिटं पाहिला आणि विचारलं, "यात गाय कुठे आहे?" मी म्हटलं, गाई नंतर येतील. त्या म्हणाल्या, "मग तुम्ही आधी गाय होऊन या."

वहिनी, मी त्यांच्या जुन्या गोठ्यात आठवडाभर चक्क रांगलो. गाईच्या उंचीवरून जग वेगळंच दिसतं हो! आपल्याला जी साधी मोरी वाटते ती तिला दरी वाटते. काटकोनातलं वळण म्हणजे तिला भिंतच. गुळगुळीत फरशीवर तिचा जीव मुठीत (मूठ नसूनही). आणि पुढे कोंडी असेल अशी शंका आली, की तीनशे किलोंची ती सहाशे किलोंची होते. हे सगळं मी गुडघ्यावर बसून टिपत असताना एका तांबड्या गाईने माझी मान चाटली आणि नकाशाची उत्तर बाजू खाल्ली. कमान उत्तरेलाच होती. ती मी पुन्हा काढली नाही.

नवा गोठा उभा राहिला तेव्हा मात्र मीच बघत राहिलो. सरळ मार्गिका, खरखरीत जमीन, एकाच दिशेने उघडणारी फाटकं. छपराच्या माथ्यावर गरम हवा जायला लांबलचक फट ठेवली होती आणि तिच्यावर आडव्या पट्ट्या, शोभेसाठी. (हा शब्द लक्षात ठेवून मला शिक्षा करा.)

पहिल्या दिवशी सकाळी साडेदहाला फाटक उघडलं. धारा काढायचं जुनं दूधघर आदल्या आठवड्यातच पाडलं होतं, त्यामुळे परतीची वाट नव्हती. पहिली गाय ऐटीत निघाली, यंत्रापासून दहा पावलांवर आली आणि थांबली. तिच्यामागे दुसरी थांबली, मग तिसरी, मग सगळ्याच. खुराक दाखवला, हाका मारल्या, मालकीणबाईंनी स्वतः खांदा लावून ढकललं, पण गाय हलेना. तासाभरात कासा तटतटल्या, दोघी-तिघींच्या सडांतून दूध आपोआप ठिबकायला लागलं, आणि गोठाभर हंबरडा उठला.

कोपऱ्यात एक मावशी हाताची घडी घालून उभ्या होत्या. तीस वर्षं त्यांनी इथल्या गाईंच्या धारा काढल्या. आज आपली जागा घेणारा कोण, हे बघायला आल्या होत्या. आमची फजिती बघून त्या हसल्या असत्या तरी मी रागावलो नसतो. पण त्या पुढे आल्या, गाईच्या मानेवर हात ठेवला आणि तिच्याबरोबर खाली बघितलं. जमिनीवर माझ्या शोभेच्या पट्ट्यांची सावली पडली होती. ऊन, काळोख, ऊन, काळोख.

"तिला हे खड्डे दिसतायत," मावशी म्हणाल्या. "गाईला कशाला ढकलता? सावली ढकला."

मग मी ताडपत्री घेऊन छपरावर चढलो. वारा सुटला होता. एक टोक फाटकं जोडायला आलेल्या वेल्डरने बांधलं, दुसऱ्या टोकावर मी पालथा पडलो. ताडपत्रीच्या कडेने फटीतून खाली बघतो तर उन्हाच्या पट्ट्या विझलेल्या. गाईने नाक खाली केलं, जमीन हुंगली आणि पाऊल टाकलं. यंत्राच्या चौकटीत ती शिरली, समोर खुराक पडला, आणि खालून यंत्राचा हात आला. वहिनी, मी आजवर पूल पाहिलेत, धरणं पाहिलीत. पण तो हात अंधारात चाचपडल्यासारखा पुढे झाला, ब्रशने सड पुसले, आणि एकेक करून चारही सड त्याने अलगद धरले. गाय दचकलीसुद्धा नाही. तिने पान्हा सोडला. पारदर्शक नळीतून दूध धावायला लागलं, आणि तिच्यामागे साऱ्या गाई, कोणी न हाकलता, आपापली वेळ धरून पुढे सरकायला लागल्या. संथ नदीसारख्या. मी एवढी वर्षं भिंती बांधल्या, पण आत कोणाला तरी बरं वाटताना प्रथमच बघितलं.

मावशी कितीतरी वेळ त्या यंत्रासमोर उभ्या होत्या. मग आपली सुजलेली बोटं चोळत म्हणाल्या, "हात बरा आहे याचा. घाई नाही करत." मालकीणबाईंनी त्यांना तिथेच थांबवून घेतलं. कुठली गाय का रुसली हे यंत्राला कळत नाही, मावशींना कळतं.

असो. दादाला नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

आपला,
धाकटा

ता. क. छपरावर चढायची कल्पना वेल्डरची. आणि मी दोन तास वर राहिलो ते नुसतं भारावून नव्हे. तो शिडी घेऊन जेवायला गेला होता.

आणखी एक ता. क. खरं तर पत्र यासाठीच. तुमचं स्वयंपाकघर मी आखून दिलं त्याला नऊ वर्षं झाली. ओट्याची उंची मी दादाला विचारून ठरवली होती, आणि दादा त्या ओट्यापाशी फक्त पाणी प्यायला येतो. तुम्ही नऊ वर्षं पाटावर उभं राहून रांधता आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगता, "भाऊजींनी छान केलंय." गाईसाठी मी आठवडाभर रांगलो, तुम्हाला मात्र एकदाही विचारलं नाही. पुढच्या रविवारी येऊ का? आठ दिवस स्वयंपाक मी करीन, मग ओटा फोडीन, आणि नवा तुम्ही सांगाल तेवढाच उंच. तोवर पाटावरून जपून उतरा.