आम्ही सिनेमाला गेलो होतो

प्रिय आई,

बाळ बरं आहे. जखम कधीच भरली, अंगही धरलंय. कागदोपत्री तो ग्रिगोरी असला तरी फान्या त्याला घरात बाबांच्याच नावाने, हिर्श म्हणूनच हाक मारते, फक्त हळू.

तो रविवार सारखा आठवतो. आपल्या यहुद्यांतली सगळी घरं करतात तसंच आपण ठरवलं होतं: आईबापांनी बाहेर जायचं, मागे आजीने सुंता उरकून घ्यायची, आणि परतल्यावर शेजाऱ्यांना ऐकू जाईल असं भांडायचं. मी घाबरलो तेव्हा तू हसलीस. म्हणालीस, "माझ्यावर ढकल रे. म्हातारीचं काय वाकडं करणार? पेन्शन तर आत्ताही देत नाहीत." आम्ही ट्रॅक्टरांचा सिनेमा बघत बसलो. फान्याला पान्हा फुटून पोलकं भिजलं. कोट ओढून ती शेवटपर्यंत बसून राहिली. घरी आल्यावर भांडायला माझा आवाजच फुटेना, तेव्हा तूच दोघांच्या वाटचं ओरडलीस.

पाळणाघरातल्या नर्सने लंगोट बदलताना पाहिलं आणि वर कळवलं. सुंता करणाऱ्या झेलिकआजोबांना पोलिसांनी घरातून नेलं. ते कुठे आहेत, कुणी सांगत नाही. त्यांच्या मुलीने तुरुंगाच्या दाराशी जेवण नेलं होतं, ते तसंच परत आलं.

मग कारखान्यात सभा झाली. मी ठरलेलंच सांगितलं: आम्ही सिनेमाला गेलो होतो, आईने परस्पर केलं. पार्टीचा सेक्रेटरी म्हणाला, "दर वेळी आजीच कशी रे करते? तुमच्यात बाप नसतातच का?" सगळे हसले. मीही हसलो. तो म्हणाला, नुसतं सांगून भागायचं नाही, पेपरात छापायला लिहून दे. नाही तर नोकरी जाईल, आणि नोकरीबरोबर कारखान्याची खोलीही.

मी सही केली आहे. शनिवारी छापून येईल. तुला रशियन वाचता येत नाही, आणि शेजारची लुकेरिया हौसेने वाचून दाखवेल, म्हणून त्याआधी हे आपल्या भाषेत लिहून गावी निघालेल्या झीनाच्या हाती देतोय. वाचून चुलीत टाक. पेपरात तुला धर्मवेडी म्हटलंय, ते मनावर घेऊ नकोस, ते शब्द त्यांचे आहेत. पण शेवटी लिहिलंय की मी तुझ्याशी संबंध तोडला, नातू पुन्हा तुझ्या हाती देणार नाही. ते मला पाळावं लागेल. समोरच्या खोलीतल्या बाईला आमच्यावर लक्ष ठेवायला सांगितलंय. वल्हांडणाच्या सणाला येऊ नकोस. आलीस, तर मी दार उघडणार नाही. फान्या रडली तरी नाही. तू फार वेळ उभी राहू नकोस, जिन्यात वारा लागतो.

तुझाच,
नोहिम